गाण्यात नाव कुणाचं?

मोठीमायचं गाणं माझं नाही, असं सांगणारा मेल मला २०२४च्या जूनमध्ये एका मंगळवारी दुपारी आला. मोठीमाय म्हणजे माझी आजी. मी जळगावला नोकरी करते. मेल आला तेव्हा ऑफिसात डबा उघडून बसले होते. तुमच्या व्हिडिओतल्या एका तुकड्याच्या आवाजावर दुसऱ्या कुणाचा हक्क आहे, अशा अर्थाचा तो मेल होता. तुकडा अठरा सेकंदांचा.

व्हिडिओ मीच चढवला होता. आवाज मोठीमायचा होता. रेकॉर्डिंग माझ्या फोनवरचं, धुळ्याजवळच्या आमच्या गावातल्या ओसरीतलं. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, तीही आमचीच.

हक्क सांगणारी कंपनी गाणी निरनिराळ्या ॲपवर पोचवण्याचं काम करते. तिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं आणि तिने मोठीमायचं ऐकलं असण्याची शक्यता नव्हती. हे कसं घडलं ते दोन दिवसांत कळलं. पण का घडलं, हे समजायला मला गाण्यांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळावा लागला. आणि तो चाळताना एक प्रश्न सारखा समोर येत राहिला. गाणं किती लांबीचं, हे आपण सगळेच बोलतो. पण गाण्यात नाव कुणाचं असतं?

घरं संपली की गाणं संपतं

खान्देशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला देवीचं रूप देऊन, दागिने घालून चौरंगावर बसवतात. रोटासाठी गहू दळले जातात, पुरणपोळी होते, आणि पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेले भाऊबंद त्या दिवसापुरते गावी परततात. रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या. सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन.

मोठीमाय त्या रात्री जे गाणं म्हणते त्याला लांबी नाही. दोन ओळी पालुपदाच्या, त्या सगळ्या बायका मिळून म्हणतात. मधल्या कडव्यात एका घराचं नाव येतं. त्या घरात कानबाई कशी आली, त्या घरच्या सुनेने काय केलं, लेक सासरहून आली की नाही. मग पुढचं घर. गल्लीत बावीस घरं असतील तर बावीस कडवी. एखाद्या घरात त्या वर्षी बाळ झालं असेल तर त्याचं कडवं जास्तीचं. कुणाचं नाव राहिलं तर ती बाई दुसऱ्या दिवशी नदीवर सुनावते.

हे एकट्या कानबाईचं नाही. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात, त्यात भावाचं नाव येतं. जात्यावरच्या ओवीत मुलाचं, भावाचं, गावाचं नाव येतं. दळण संपलं की ओवी संपते. झोक्यावरची उतरली की गाणं दुसरीकडे जातं. गाण्याची लांबी कामावर, माणसांवर आणि रात्रीवर अवलंबून. लहानपणी मी मोठीमायला विचारलं होतं की गाणं संपतं कधी. ती म्हणाली, "जधळ झोप येस, तधळ गानं सरस." झोप येते तेव्हा गाणं संपतं.

या सगळ्या गाण्यांत ऐकणाऱ्याचं नाव असतं. गाणारीचं नसतं. तिला सगळे ओळखतातच, ती समोर बसलेली असते.

तीन मिनिटं आणि एक नाव

नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आला आणि गौहर जान त्यासमोर गायली. तासभर चालणारी बैठक त्या लाखेच्या तबकडीत मावणार नव्हती. पुढे रूढ झालेल्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं बसत. आलाप आखूड झाला, विस्तार गेला, मुखडा लवकर आला.

आज यूट्यूबवर त्या जुन्या तबकड्या ऐकल्या तर आणखी एक गोष्ट कानावर येते. गाणं संपताच गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. याला कारण होतं. तेव्हा भारतात तबकड्या छापायचा कारखाना नव्हता. मुद्रण इथे होई आणि छपाई जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला हिंदुस्थानी गाणं कळत नव्हतं. कुठल्या तबकडीवर कुठलं लेबल चिकटवायचं, हे त्याला समजावं म्हणून गाणारीने आपलं नाव तोंडाने सांगायचं. कोलकात्यात कारखाना निघाला तो १९०८ साली.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. गाणं समोरच्या माणसापासून सुटून दूर जायला लागलं, त्याच वेळी गाण्यात गाणारीचं नाव शिरलं. ज्यांच्यासाठी गायचं ते लोक आता खोलीत नव्हते. त्यांची नावं घेता येणार नव्हती. मग आपलं तरी सांगावं लागलं.

मराठीतही हेच झालं. बालगंधर्वांच्या नाटकात प्रेक्षक 'वन्स मोअर' देत राहायचे, पद लांबत जायचं आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं. तेच पद तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत आटपायचं. पुढे सिनेमाने आणि रेडिओने हीच लांबी पक्की केली. आपल्याला आज जे 'नॉर्मल' गाणं वाटतं ते लाखेच्या तबकडीच्या मापाचं आहे. तबकडी जाऊन काळ लोटला, तरी माप राहिलं.

आसोद्याच्या बहिणाबाई

खान्देशातल्या बायकांच्या गाण्याला या व्यवहारात जागा मिळाली ती एका अपघाताने. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८०चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या गाणी रचत आणि म्हणत. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता म्हणून त्यातली काही कागदावर उतरली. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई वारल्या. १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. १९६१च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांच्या रचना आल्या आणि घरोघरी पोचल्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवी. पण तिची दुसरी बाजूही आहे. आसोद्यात त्या काळी दुसऱ्या जात्यावर बसलेल्या बायकाही गातच होत्या. त्यांच्या घरी लिहून घेणारा मुलगा नव्हता. त्यांचं गाणं पुढच्या पिढीकडे गेलं, पण नावाशिवाय. रेडिओवर लोकगीत लागायचं तेव्हा निवेदक गायिकेचं नाव घ्यायचे, संगीतकाराचं घ्यायचे आणि गीतकाराच्या जागी म्हणायचे, 'पारंपरिक'. हा शब्द लक्षात ठेवा. तो पुढे एका फॉर्ममध्ये परत येणार आहे.

कॅसेटच्या दोन बाजू

फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली बाजारात आणली. आपल्याकडे तिचा सुकाळ झाला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आणि ऐंशीच्या दशकात. अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी यावर १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तबकडी काढायला कारखाना लागत होता, कॅसेट काढायला एक खोली पुरते. त्यामुळे ज्या भाषांचा, ज्या बोलींचा बाजार लहान म्हणून मोठ्या कंपन्या तिकडे फिरकत नव्हत्या, त्यांची गाणी निघायला लागली.

अहिराणी ही अशीच बोली. २०११च्या जनगणनेत अहिराणीसह खान्देशी बोलणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार आहे. प्रत्यक्षात घरात अहिराणी बोलून बाहेर 'मातृभाषा मराठी' सांगणारे पुष्कळ. आमच्या घरातच आहेत. मुंबईतल्या कंपनीला हा आकडा लहान. धुळ्या-जळगावच्या दुकानदाराला पुरेसा.

कॅसेटने गाण्याचं रूप पुन्हा बदललं. ६० मिनिटांच्या कॅसेटला ३० मिनिटांची एक बाजू. तिच्यात पाच-सहा गाणी. सगळ्यात दणकेबाज गाणं 'ए' बाजूला पहिलं, कारण दुकानात तेवढंच वाजवून दाखवायचे. देवाचं गाणं बहुधा एक तरी हवंच. आणि उलटवायचा कंटाळा येतो म्हणून 'बी' बाजूच्या शेवटी भरतीचं काहीतरी. कव्हरवर गायकाचा फोटो, नाव ठळक.

नव्वदच्या दशकानंतर व्हीसीडी आली. खान्देशात आणि शेजारच्या मालेगावात तिने वेगळंच काम केलं. मालेगाव धुळ्यापासून महामार्गाने तासाभरावर. तिथे यंत्रमागावर राबणाऱ्या लोकांनी घरगुती कॅमेऱ्यावर सिनेमे काढले. शेख नासिर यांचा 'मालेगाव के शोले' २००० सालचा. पुढे या मंडळींवर माहितीपट निघाला, हिंदी सिनेमाही निघाला. याच वाटेने गावोगाव विनोदी नाटुकल्यांच्या आणि गाण्यांच्या व्हीसीडी फिरायला लागल्या. इथून पुढे गाणं नुसतं ऐकायची गोष्ट राहिली नाही. चित्र सक्तीचं झालं.

मेमरी कार्डातलं गाणं

यानंतरचा काळ इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही, पण माझ्या वयाच्या लोकांना तो चांगला आठवतो. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचं, दुकानदार कॉम्प्युटरला लावायचा आणि विचारायचा, "काय भरू? हिंदी, मराठी, अहिराणी, का मिक्स?" वीस-तीस रुपयांत कार्ड गच्च. मी पहिल्यांदा भरून आणलेल्या कार्डात तीनशेच्या वर गाणी होती आणि त्यांतली निम्मी मी मागितली नव्हती.

त्या काळात कॅसेटची बाजू गेली, गाण्यांचा क्रम गेला, कव्हरही गेलं. उरलं फोल्डरचं नाव: हळदी स्पेशल, वरात, देवी, नॉनस्टॉप. म्हणजे गाणं कुणाचं यापेक्षा गाणं कधी वाजवायचं हे महत्त्वाचं झालं. फाइलवर गायकाच्या जागी गाणं जिथून उतरवलं त्या वेबसाइटचं नाव असायचं. माझ्या भावाला कितीतरी दिवस एका वेबसाइटचं नाव हे गायकाचं नाव वाटत होतं. गौहर जानला हॅनोव्हरच्या कामगारासाठी नाव सांगावं लागलं होतं. इथे एका फाइल चढवणाऱ्याने स्वतःचं नाव सगळ्यांच्या गाण्यांना चिकटवलं, आणि कुणालाच काही वाटलं नाही.

हळदीत वाजलं तर चाललं

५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि मेमरी कार्ड भरणारी दुकानं कव्हर-चार्जर विकायला लागली. गाणं ऐकणं म्हणजे यूट्यूब उघडणं, असं समीकरण झालं. अहिराणीच्या दृष्टीने हा काळ सोन्याचा आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करते. 'हाई झुमका वाली पोर', 'केसावर फुगे' ही गाणी कोट्यवधी वेळा पाहिली गेली. ज्यांना अहिराणीचा एक शब्द कळत नाही असे लोक कोल्हापूर-साताऱ्याच्या वरातीत त्यावर नाचले. कॉलेजात अहिराणी बोललो की 'खेडवळ' म्हणून हसणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्याच फोनमध्ये पुढे ही गाणी आली.

या गाण्यांचं रूप नीट ऐका. सुरुवातीलाच चॅनलचं किंवा डीजेचं नाव उच्चारलेलं असतं. गाणं कुठेही गेलं, कुणीही उतरवून पुन्हा चढवलं, तरी नाव सोबत जावं म्हणून. गौहर जानने शेवटी सांगितलेलं नाव आता सुरुवातीला आलं, कारण शेवटपर्यंत कुणी थांबेल याची खात्री नाही. ठेका पहिल्या सेकंदापासून पक्का, कारण गाण्याची खरी परीक्षा हळदीच्या मांडवात आणि वरातीत होते. बँडवाल्याला कीबोर्डवर आणि पॅडवर ते सहज उचलता आलं पाहिजे. मुखडा दोन ओळींचा, त्यात एक असा शब्द की जो लहान पोरालाही पाठ व्हावा. पोरगा-पोरगी, झुमका, गॉगल, मोटरसायकल. एका दिवसात एका शेतात शूटिंग.

मोबाइलमुळे गाणी आखूड झाली, असं सरसकट म्हटलं जातं. खान्देशात फिरलात तर उलटही दिसेल. सातपुड्याच्या, नंदुरबारच्या बाजूला आदिवासी लग्नांत वाजणारी टिमली ऐका. कीबोर्डवरचे तिचे नॉनस्टॉप तुकडे अर्धा-अर्धा तास, तासभर चालतात. तबकडीत ते मावले नसते. यूट्यूबला तबकडीसारखं लांबीचं बंधन नाही. शिवाय यूट्यूब २०१२पासून शिफारस करताना व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला हेही मोजतं. चॅनलला कमाई सुरू व्हायची तर २०१८पासून हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं ही अट आली. २०२०पासून आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओच्या मध्ये जाहिरात टाकता येते. मग पाच जुनी गाणी जोडून 'नॉनस्टॉप' करणं हा शहाणपणा ठरतो.

आखूड होण्याचं कारण दुसरीकडे आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकल्याची नोंद होते. त्यानंतर तीन मिनिटं ऐका की सहा, पैसे तेवढेच. आणि २९ जून २०२०ला टिकटॉकवर बंदी आल्यावर दहाच दिवसांत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं, तेव्हा मर्यादा होती पंधरा सेकंदांची. म्हणजे लांबी ठरते ती मोजणाऱ्याच्या मापाने. पूर्वी दळण हे माप होतं, मग तबकडी, मग कॅसेटची बाजू. आता मोजमाप कंपनी करते आणि ते ती हवं तेव्हा बदलते.

याचं आपल्या जवळचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं 'गुलाबी साडी' आलं आणि रील्सवरून जगभर गेलं. मराठी न कळणाऱ्यांनी त्याच्या तेवढ्या तुकड्यावर नाच केला. जळगावच्या पोराने हे करून दाखवलं याचा मला फार आनंद झाला. मात्र गाणं अहिराणीत नाही, सगळ्यांना कळेल अशा मराठीत आहे. त्याची निवड म्हणून ती योग्यच. पण आमच्याकडच्या पोरांनी त्यातून जो अर्थ घेतला तो असा, की हळदीपर्यंत पोचायला अहिराणी चालेल, त्यापुढे नाही.

अठरा सेकंद

आता पुन्हा त्या मेलकडे येते.

२०२३च्या श्रावणात मी मोठीमायचं कानबाईचं गाणं फोनवर रेकॉर्ड केलं. अडतीस मिनिटं. चढवलं, घरच्या ग्रुपवर लिंक टाकली, विसरले. माझा चुलतभाऊ धुळ्यात लग्नाच्या गाण्यांचं चॅनल चालवतो. एका खोलीच्या भिंतींना फोम लावून त्याने स्टुडिओ केला आहे. त्याने ते ऐकलं आणि फोन केला. "ताई, आवाज भारी शे मोठीमायना. पन इतलं लांब कोन ऐकस आते?" त्याला पालुपद हवं होतं. मी फाइल पाठवून दिली. मोठीमायला विचारावं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्याने पालुपदाच्या दोन ओळी घेतल्या. सुरुवातीला मोठीमायचा आवाज, मग त्याच्या चॅनलचं नाव, मग ढोल आणि तिथून नाचाचं गाणं. चांगलं केलं होतं, खोटं का बोलू. एप्रिल-मेच्या लग्नसराईत धुळे तालुक्यात ते बरंच वाजलं. मोठीमायने ते एका लग्नातच पहिल्यांदा ऐकलं. मांडवात खुर्चीवर बसली होती. आधी हसली. मग मला जवळ बोलावून म्हणाली, "आवाज मनाच शे. मंग नावं कोठे गयात?"

आवाज माझाच आहे, मग नावं कुठे गेली. तिचं स्वतःचं नाव ती विचारत नव्हती. बावीस घरांची विचारत होती.

पुढचा भाग तांत्रिक आहे. भावाने गाणं सगळ्या ॲपवर जावं म्हणून एका वितरण कंपनीकडे दिलं. त्यांचा फॉर्म असतो: गायक, संगीतकार, गीतकार, हक्कधारक. गायकाच्या रकान्यात त्याने स्वतःचं आणि जोडीच्या गायिकेचं नाव टाकलं. गीतकार: पारंपरिक. हक्कधारक: चॅनल. कंपनीने गाण्याचा ठसा यंत्रणेत नोंदवला. ही यंत्रणा चढवलेले सगळे व्हिडिओ तपासते आणि जुळणारा आवाज सापडला की नोटीस पाठवते. कोणतं आधी चढवलं हे ती बघत नाही, कुणी नोंदवलं हे बघते. तिला माझ्या व्हिडिओत भावाच्या गाण्यातला आवाज सापडला. ज्यातून घेतला त्यातच.

मी हरकत घेतली. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. त्या तीस दिवसांत मी कायदा वाचला. पारंपरिक गाण्यावर कुणाचीच मालकी नाही. पण त्याच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणावर आहे, १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रसिद्धीपासून साठ वर्षं. ती असते मुद्रण करणाऱ्याकडे. गाणारीचा सादरकर्ती म्हणून वेगळा हक्क आहे, तो पन्नास वर्षांचा. मग मी माझा हरकतीचा अर्ज पुन्हा उघडला. त्यात मी लिहिलं होतं, 'या रेकॉर्डिंगची मूळ मालक मी आहे.' कायद्याने ते बरोबर होतं. व्हिडिओच्या नावातही मी लिहिलं होतं, 'कानबाईचं पारंपरिक गाणं, खान्देश.' मोठीमायचं नाव त्याच्या फॉर्मवर नव्हतं, आणि माझ्याही कुठेच नव्हतं.

भावाला फोन केला तेव्हा भांडायच्या तयारीत होते. भांडण झालंच नाही. त्याला नोटिशीचं माहीतच नव्हतं. त्याने कंपनीला दोन मेल केले, तिसऱ्याला उत्तर आलं आणि हक्क मागे घेतला गेला. गायिकेच्या रकान्यात मोठीमायचं नाव घालायला आणखी पाच आठवडे लागले. मी माझ्या व्हिडिओचं नाव त्याच दिवशी बदललं.

बाराव्या मिनिटाला

त्या भानगडीत मी पहिल्यांदा माझ्या व्हिडिओचा आलेख उघडून पाहिला. कितव्या मिनिटाला किती जण बघत होते, हे त्यात दिसतं. भाऊ शेजारीच बसला होता. पहिल्या अर्ध्या मिनिटात रेघ धाडकन खाली. "सांगितलं नव्हतं?" तो म्हणाला. पण पुढे सपाट रेघेवर मध्येमध्ये टेकाडं होती. सातव्या मिनिटाला एक, बाराव्याला एक, एकोणिसाव्याला मोठं.

आम्ही तिथे तिथे जाऊन ऐकलं. बाराव्या मिनिटाला सुरतेला राहणाऱ्या काकांच्या घराचं नाव होतं. एकोणिसाव्याला त्या वर्षी बाळ झालेलं घर. लोक लिंक उघडत होते, आपलं घर येईपर्यंत बोट सरकवत होते, नाव ऐकत होते आणि पुन्हा ऐकत होते.

२०२४च्या कानबाईला आम्ही दोघांनी मिळून नवं रेकॉर्डिंग केलं. माइक त्याचा. यंदा मोठीमायला आधी विचारलं. ती म्हणाली, "कोनं नाव ऱ्हाई नको जावाले." कुणाचं नाव राहून जाता कामा नये. पूर्ण गाणं एकेचाळीस मिनिटांचं झालं, कारण दोन घरं वाढली होती. ते तसंच चढवलं, वर्णनात गाणाऱ्या सगळ्या बायकांची नावं लिहिली. मग भावाने त्याचे चोवीस तुकडे केले, प्रत्येक घराचा एक, कुठलाही अर्ध्या मिनिटाहून मोठा नाही. म्हणजे स्टेटसच्या मापाचे. रात्री ज्याचा त्याला पाठवून दिला.

सोमवारी सकाळी नदीवर निघायच्या आधी मी फोन उघडला. अर्ध्या गल्लीचं स्टेटस मोठीमायच्या आवाजात होतं, प्रत्येकाचं वेगळं. एका वहिनींचं मात्र नव्हतं. त्यांच्या कडव्यात धाकट्या लेकीचं नाव आलंच नाही, अशी त्यांची तक्रार होती. ती त्यांनी नदीवर सगळ्यांसमोर सांगितली. मोठीमायने तिथेच उभ्याउभ्या ते कडवं म्हटलं, आणि माझा फोन पिशवीत राहिला होता.